एकवीस महिन्यांचे मूल चारच शब्द बोलते : थांबावे की दाखवावे?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाला आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही समजेल. तुमचा मुलगा २१ महिन्यांचा आहे. तो रांगला नाही. बसल्याबसल्या पुढे सरकत असे आणि सोळाव्या महिन्यात एकदम चालू लागला. ‘आई’, ‘बाबा’, ‘भूभू’ आणि ‘नको’ एवढेच शब्द तो बोलतो. तुम्ही दोघेही हिंजवडीत नोकरी करता, त्यामुळे तो दिवसाचे नऊ तास पाळणाघरात असतो. तिथल्या मावशी हिंदी बोलतात, घरात मराठी बोलली जाते, आणि पाळणाघराच्या संचालिकेने ‘भाषांचा गोंधळ झाला आहे, घरी फक्त इंग्रजी बोला’ असे सुचवले आहे. सासूबाई म्हणतात की मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही तीन वर्षांचे झाल्यावर बोलले, आणि वेखंड उगाळून चाटवले की जीभ हलकी होईल. जेवताना त्याला फोन लागतो आणि दिवसाला दुधाच्या चार-पाच बाटल्या होतात, हेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. थांबावे की दाखवावे, आणि मराठी बंद करावी का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दाखवावे, आणि याच महिन्यात दाखवावे. मराठी मात्र मुळीच बंद करू नये. मी पुण्यात बालविकास तज्ज्ञ म्हणून बावीस वर्षे काम करते आहे आणि या वयाची, नेमकी हीच तक्रार असलेली मुले दर आठवड्याला पाहते. तरीही मूल समोर बसवून पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, आणि मी ते येथे करणार नाही. मी असे मूल पाहताना कोणत्या क्रमाने विचार करते आणि त्यातले काय तुम्ही घरी आजच पाहू शकता, हे मात्र सविस्तर सांगू शकते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती म्हणजे तो पूर्ण दिवसांचा जन्मला की आधी. दोन महिने आधी जन्मलेल्या मुलाचे वय पहिल्या दोन वर्षांपर्यंत आम्ही दोन महिने वजा करून धरतो. तो तसा असेल तर माझ्या हिशेबी तो एकोणीस महिन्यांचा आहे आणि चार शब्दांचा अर्थ थोडा बदलतो. जन्मानंतर तो काचेच्या पेटीत किंवा अतिदक्षता विभागात होता का, कावीळ किती वाढली होती, हेही मी पहिल्याच भेटीत विचारते, कारण या दोन्हींचा संबंध पुढे कानांशी येतो.

चालण्याबद्दल तुम्ही फार काळजी केलेली दिसते, म्हणून आधी तेवढे बाजूला करते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुले पाहून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने असा आढळला. एवढा मोठा पल्ला असतो, हे ऐकून पालकांना नेहमी आश्चर्य वाटते. त्याच पाहणीत सुमारे चार टक्के मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही वेळेत चालली. बसून सरकणारी मुले चालायला थोडा उशीर करतात आणि अनेकदा आईवडिलांपैकी कोणीतरी लहानपणी तसेच सरकलेले असते. तेव्हा सोळावा महिना हा माझ्या दृष्टीने आजार नाही. आता तो पळतो का, हाताला धरून जिना चढतो का, टाचा टेकवून चालतो का आणि दोन्ही हात सारखेच वापरतो का, एवढे पाहा. यातले शेवटचे मी मुद्दाम विचारते. दीड वर्षाच्या आतच जे मूल ठामपणे एकच हात वापरते, ते ‘डावखुरे’ म्हणून घरी कौतुकाचा विषय होते, पण दुसऱ्या हातात ताकद कमी तर नाही ना, हे आम्हाला तपासावे लागते.

‘सगळी शक्ती पायांत गेली म्हणून तोंड मागे राहिले’ हे वाक्य मी पुण्यातल्या प्रत्येक पेठेत ऐकले आहे. शरीर आणि भाषा यांच्यात अशी वाटणी होत नाही. चालणारे मूल लांबची वस्तू उचलून तुमच्यापर्यंत आणते, तुम्ही तिच्याबद्दल काहीतरी बोलता, आणि अशा दिवसाकाठच्या पन्नास फेऱ्यांतून त्याला शब्द मिळतात. म्हणून चालायला लागून पाच महिने झाल्यावरही शब्द फारसे वाढले नसतील, तर ‘आधी पाय, मग तोंड’ असे म्हणून मी समाधान मानणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तुम्ही शब्द मोजले आहेत. मी आधी शब्दांच्या खालचा थर पाहते, कारण चारच शब्द असलेली दोन मुले एकमेकांपासून अगदी वेगळी असू शकतात. मुलाला दुसऱ्या माणसाला काहीतरी सांगावेसे वाटते का, आणि आपले बोलणे त्याला किती समजते, या दोन गोष्टींवर माझा निम्म्याहून अधिक निर्णय ठरतो.

सांगण्याची इच्छा बोटात दिसते. मूल बोट दोन कारणांसाठी दाखवते. बिस्किटाच्या डब्याकडे बोट करून ते हवे असल्याचे सांगणे हे एक झाले. खिडकीतून पोपट दिसला, किंवा गल्लीतून बँडवाले निघाले, आणि त्याने तिकडे बोट करून लगेच वळून तुमच्या चेहऱ्याकडे पाहिले, हे दुसरे. त्याला पोपट नको असतो. तुम्हीही तो पाहावा एवढेच हवे असते. हे दुसरे बोट मला फार महत्त्वाचे वाटते, कारण भाषेचे बीज तिथे आहे. ज्या मुलात ते बोट भरपूर आहे, जे मूल नवी वस्तू आणून दाखवते, हाक मारल्यावर वळते, बुवाकूक खेळताना खदखदून हसून ‘पुन्हा’ असा चेहरा करते, त्याचे शब्द चार असले तरी मी बरीच आश्वस्त असते. याउलट, जे मूल आईचे मनगट धरून तिला फ्रीजपर्यंत ओढत नेते पण तिच्या डोळ्यांत पाहत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, खेळण्यातल्या गाडीची चाकेच तासभर फिरवत बसते, त्याचे शब्द वीस असले तरी मी पुढची तपासणी सुचवते. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) चाळणीसाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांकरिता एम-चॅट नावाची प्रश्नावली आहे. ती भरायला फार वेळ लागत नाही. ती निदान करत नाही. पुढे खोलात जाऊन पाहण्याची गरज आहे का, एवढेच ती सांगते.

समज तपासताना घरोघरी एक चूक होते. ‘त्याला सगळे कळते’ असे आईवडील खात्रीने सांगतात, आणि मी खोलीत पाहते तेव्हा ‘बाबांची चप्पल आण’ म्हणताना आईची नजर चपलेकडे असते, हनुवटी तिकडे वळलेली असते आणि हातही थोडा पुढे झालेला असतो. मूल हुशार असते, ते या खुणा वाचते. तुम्ही दोन्ही हात मांडीवर ठेवून, त्याच्याच चेहऱ्याकडे पाहत, रोजच्या वेळेपेक्षा वेगळ्या वेळी सांगून पाहा : ‘चेंडू आण’, ‘आजीला दे’, ‘नाक कुठे आहे?’ बाहेर जायची तयारी चालू नसताना ‘बूट कुठे आहेत?’ असे विचारा. या वयात खुणेशिवाय साध्या सूचना त्याला समजायला हव्यात. समजत असतील तर ती फार चांगली बाजू आहे. समजत नसतील तर प्रश्न केवळ बोलण्याचा नाही, हे आजच कळलेले बरे.

शब्द मोजण्याचीही एक रीत आहे. पालक बहुतेक वेळा कमी मोजतात, कारण स्पष्ट उच्चार असेल तरच त्याला शब्द म्हणायचे असे त्यांना वाटते. आम्ही तसे करत नाही. एकाच गोष्टीसाठी, स्वतःहून, नेहमी तोच आवाज वापरला की तो शब्द झाला. पाण्यासाठी ‘पा’, गाडीसाठी ‘पीप’, मांजरासाठी ‘माऊ’, जेवणासाठी ‘मम्मं’, फिरायला जाण्यासाठी ‘भुर्र’, काकासाठी ‘ताता’ हे सगळे शब्द आहेत. आपल्या भाषेने लहान मुलांसाठी ही सोपी शब्दसंपत्ती मुद्दाम राखून ठेवली आहे. ‘बोबडे बोलू नका, मुलाला तसेच वळण लागेल’ म्हणून ती हद्दपार करणाऱ्या घरांबद्दल मला वाईट वाटते. ‘माऊ’ म्हणणारे मूल पुढे ‘मांजर’ म्हणतेच. ‘ताता’ ऐकल्यावर तुम्ही ‘हो, काका आले’ असे नीट म्हणावे, त्याच्याकडून परत म्हणवून घेऊ नये. ‘र’, ‘ळ’ आणि ‘ण’ तर आणखी काही वर्षे वाट पाहायला लावतील आणि त्याची चिंता आज करण्याचे कारण नाही. मावशींकडून शिकलेले ‘पानी’ किंवा ‘दो’ हेही याच यादीत लिहा. या पद्धतीने मोजल्यावर चाराचे बारा होतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. बारा झाले तरी दाखवायचे आहेच, कारण दोन वर्षे पूर्ण होताना साधारण पन्नास शब्द आणि ‘बाबा भुर्र’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची जोडी आम्ही अपेक्षितो आणि तुमच्या हातात आता तीनच महिने आहेत.

यानंतर कान, आणि या एका मुद्द्यावर मी कोणतीही सवलत देत नाही. बोलायला उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे. मग तो ऐकतो याची घरच्यांना कितीही खात्री असो. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः एका आईला ‘सहा महिने थांबू’ असे सांगितले होते. मुलगा चुणचुणीत होता, डोळ्यांत डोळे घालून हसत होता, दारावरची बेल वाजली की धावत होता. सहा महिन्यांनी चाचणी केली तेव्हा दोन्ही कानांनी उंच पट्टीतले आवाज ऐकू येत नसल्याचे आढळले. ते सहा महिने त्याच्या आयुष्यातून माझ्यामुळे गेले. तेव्हापासून मी या बाबतीत अंदाजावर विसंबत नाही.

असे कसे होते, ते समजून घ्या. ऐकू येणे हे दिव्याच्या बटणासारखे नसते. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू होतो तेव्हा ‘आमचे बाळ त्या आवाजाने दचकते, म्हणजे कान उत्तम आहेत’ असे मला दरवर्षी कोणीतरी सांगते. ढोल, बसचे इंजिन, दार आपटल्याचा आवाज हे मोठे आणि खालच्या पट्टीतले आवाज आहेत. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांसारखे व्यंजनांचे आवाज हळू आणि वरच्या पट्टीतले असतात, आणि शब्दाशब्दांतला फरक बराचसा त्यांवरच असतो. वरची पट्टी गेलेल्या मुलाला बोलणे ऐकू येते, पण ‘काक’, ‘ताट’, ‘साप’ सगळे जवळपास एकच वाटते. ताट बडवून पाहण्याच्या घरगुती परीक्षेत असे मूल हमखास उत्तीर्ण होते.

जन्मानंतर रुग्णालयात कानाची तपासणी झाली होती आणि ती चांगली आली होती, असे तुम्ही म्हणाल. ती झाली हे उत्तम झाले, पण ती त्या दिवसापुरती होती. काही मुलांची श्रवणशक्ती नंतर कमी होते, आणि वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साठून महिनोन्महिने आवाज बोथट येतात. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना सर्दी किती वेळा होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानात पाहावे, मग श्रवणतज्ज्ञांनी ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का याची चाचणी) आणि मधल्या कानाची टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का, मागे पाणी आहे का हे पाहणारी चाचणी) करावी, आणि शंका राहिल्यास आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी बेरा चाचणी करावी. बेराला मूल झोपलेले लागते, म्हणून त्या दिवशी सकाळी त्याला लवकर उठवा आणि गाडीत डुलकी घेऊ देऊ नका. यातले काहीही दुखत नाही.

बाबा उशिरा बोलले होते, ही माहिती मला उपयोगाची आहे, पण सासूबाई तिचा जो अर्थ लावतात त्याच्या उलट अर्थाने. बोलण्यातला उशीर घराण्यात चालत येऊ शकतो. म्हणून वडिलांचा उशीर हे थांबण्याचे कारण होत नाही, लवकर पाहण्याचे होते. शिवाय त्या वेळच्या घराचा विचार करा. कदाचित वाडा असेल, आजी-आजोबा, काका, आत्या, शेजारची मुले असतील, आणि दिवसभर कोणी ना कोणी त्याच्याशी बोलत असेल. आज तसे आहे का? मुलींपेक्षा मुलगे सरासरीने मागे असतात हे खरे असले, तरी या वयात तो फरक एक-दोन महिन्यांचा असतो, वर्षाचा नसतो. दोन वर्षांच्या शंभर मुलांमागे साधारण दहा ते पंधरा मुले उशिरा बोलणारी असतात आणि त्यांतील बरीच पुढे आपोआप इतरांना गाठतात, हेही खरे आहे. अडचण एवढीच की ती कोणती आणि मागे राहणारी कोणती, हे एकविसाव्या महिन्यात केवळ वाट पाहून ओळखता येत नाही. तपासून मात्र बराच अंदाज येतो. सासूबाईंशी यावरून वाद घालू नका. त्यांच्याकडे वेळ असेल तर त्या या मुलाच्या सर्वांत चांगल्या शिक्षिका ठरू शकतात.

वेखंड मात्र चाटवू नका. त्यातील बीटा-असारोन या घटकाच्या सुरक्षिततेबद्दल शंका आहेत आणि त्याने भाषा येत नाही. जीभ ‘जड’ असल्याने किंवा जिभेखालचा पडदा आखूड असल्याने मूल बोलायचेच थांबते, असेही होत नाही. फार तर पुढे काही उच्चार अस्पष्ट राहतील. समजणे, बोट दाखवणे आणि हातवारे यांना तर जीभ लागतच नाही.

आता मराठीचा प्रश्न. घरात दोन किंवा तीन भाषा असल्यामुळे मूल उशिरा बोलते, या समजाला आधार नाही. पुण्यात गुजराती, मारवाडी, कन्नड, तेलुगू घरांतली कितीतरी मुले घरची भाषा, मराठी आणि हिंदी एकत्र ऐकत वाढली आहेत. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एका भाषेतले शब्द कमी दिसतात, म्हणून आम्ही सर्व भाषांतले मिळून मोजतो. आणि ज्याला खरोखरच भाषेची अडचण आहे, त्याची अडचण एक भाषा काढून घेतल्याने कमी होत नाही.

मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. इंग्रजीवर आलेली घरे मी जवळून पाहते. आई-बाबांचे कामाचे इंग्रजी उत्तम असते, पण मांडीवरच्या मुलाशी बोलायचे इंग्रजी त्यांच्याकडे नसते, कारण त्यांच्या स्वतःच्या बालपणात ते कधी नव्हतेच. मग संभाषण रंग, आकडे, प्राण्यांची नावे आणि ‘कम’, ‘सिट’, ‘नो’ एवढ्यावर येऊन थांबते. तेच बाबा मराठीत बोलू लागले की ‘अरे, पडली का गाडी? चाक निघालं वाटतं. थांब हं, बसवू या’ असे सहज म्हणतात. या चार वाक्यांत क्रियापदे आहेत, प्रश्न आहे, कारण आहे, पुढे काय होणार ते आहे, आणि मायाही आहे. गाडी पडली, चेंडू पडला, पुस्तक पडलं, हे बदलते शेवट मूल ऐकत असते आणि त्यातून व्याकरण जमा करत असते. रंगांची नावे त्याला तीन वर्षांचा झाल्यावरही शिकवता येतील. शिवाय आजीला इंग्रजी येत नसेल, तर घरातला सर्वांत जास्त बोलू शकणारा माणूस तुम्ही स्वतःच्या हाताने गप्प करणार आहात. इंग्रजी शाळेत येईलच.

फोनबद्दल मी तुम्हाला दोष देणार नाही. दोघेही थकून घरी येता आणि मूल जेवत नाही, तेव्हा फोन पुढे केला जातो, हे मी समजू शकते. फोनमुळेच तो बोलत नाही असेही मी म्हणत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा (स्क्रीन) मुळीच नको असे सांगितले आहे. दूरच्या नातेवाइकांशी होणारे व्हिडिओ कॉल तेवढे अपवाद. माझ्या लेखी कारण साधे आहे. तो नऊ तास पाळणाघरात आणि दहा तास झोपेत असेल, तर तुमच्या वाट्याला पाच तास उरतात, आणि त्यांतले दोन जेवणाचे असतात. तेच दोन तास समोरासमोर बसण्याचे असतात, घास आणि शब्द एकत्र जाण्याचे असतात. पडदा बोलतो, पण मुलाने ‘ब’ म्हटल्यावर थांबून त्याच्याकडे पाहत नाही. पहिले चार-पाच दिवस तो रडेल आणि कमी खाईल. त्यानंतर बहुतेक मुले सावरतात.

दुधाचाही येथेच संबंध आहे. चार-पाच बाटल्या म्हणजे जवळपास लिटरभर दूध होत असणार. एवढ्या दुधाने पोट भरते आणि भाकरी, वरण, भाजी, अंडे यांना जागा उरत नाही. दुधात लोह अगदी कमी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, तेव्हा सुखवस्तू घर आहे म्हणून हे गृहीत धरता येत नाही. लोह कमी असलेले मूल किरकिरे, थकलेले आणि आजूबाजूला कमी रस घेणारे होते. रक्त तपासून घ्या, दूध दिवसाला दोन पेल्यांवर आणा आणि ते बाटलीऐवजी पेल्यातून द्या. ‘चावायला शिकला की बोलायला लागेल’ असे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही. चावणे जेवणासाठी शिकायचे असते, बोलणे वेगळ्या वाटेने येते.

घरी काय करावे, याची लांब यादी मी देत नाही, कारण यादी दिली की पालक शिकवणी घेऊ लागतात. ‘हे काय? बोल, पा-णी. बोलल्याशिवाय मिळणार नाही’ अशी परीक्षा दिवसातून तीस वेळा घेतली की बोलणे म्हणजे संकट असे मुलाला वाटू लागते. त्याऐवजी तो ज्याच्याकडे पाहतो आहे त्याचे नाव तुम्ही घ्या. तो सोफ्यावरून उडी मारत असेल तर ‘उडी!’ म्हणा, चमचा पडला तर ‘पडला!’ म्हणा. तो एक शब्द बोलला तर तुम्ही त्यात एकच जोडा : त्याच्या ‘भूभू’वर ‘भूभू आला’, ‘भूभू झोपला’. यापेक्षा लांब वाक्य त्या क्षणी नको. मग थांबा. हे थांबणे सर्वांत कठीण जाते. मनातल्या मनात दहा आकडे मोजा, अपेक्षेने त्याच्याकडे पाहा, आणि तो काही म्हणो, हात हलवो किंवा नुसता हसो, ते उत्तर समजून पुढे जा. झोका देताना मध्येच झोका धरून ठेवा आणि ‘देऊ?’ एवढेच विचारा. मटार सोलताना शेंगा त्याच्या हातात द्या. सारसबागेत गेलात तर घाई न करता तळ्यापाशी दहा मिनिटे बसा. दिवसातली अशी वीस मिनिटे, पण रोज, आणि त्या वेळात दोघांपैकी एकाचाही फोन जवळ नको.

पाळणाघराबद्दल एकच विचारा : एका मावशीकडे किती मुले असतात, आणि टीव्ही किती वेळ चालू असतो? मावशींची हिंदी ही अडचण नाही. मावशी गप्पिष्ट असतील तर त्यांची हिंदी त्याच्या फायद्याचीच आहे. बारा मुलांमागे एक मावशी आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही ही अडचण आहे, आणि तसे असेल तर पाळणाघर बदलण्याचा विचार मी गंभीरपणे करेन.

कोठे जावे, तेही सांगते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी दोन वर्षांपर्यंत थांबायला सांगितले असले, तरी श्रवणचाचणीसाठी चिठ्ठी मागा. ती नाकारण्याचे कारण नाही. पुण्यात केईएम रुग्णालयाचे टीडीएच केंद्र विकासाच्या तपासणीसाठी ओळखले जाते, आणि भारती विद्यापीठाच्या श्रवण व वाचा-भाषा महाविद्यालयात दोन्ही प्रकारचे तज्ज्ञ आहेत. खर्चाची अडचण असलेल्या वाचकांसाठी लिहिते, की २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. ही सेवा विनामूल्य आहे. खासगी उपचारतज्ज्ञ निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे नि:संकोच विचारा. आठवड्यातून दोनदा मुलाला आत घेऊन आईला बाहेर बसवणाऱ्या ठिकाणापेक्षा तुम्हाला शेजारी बसवून, घरी काय करायचे ते करून दाखवणारी व्यक्ती मला अधिक योग्य वाटते, कारण उरलेले सर्व तास मूल तुमच्याकडे असते.

भेटीची तारीख मिळायला महिना लागत असेल आणि पुढच्यापैकी काही खुणा असतील, तर तेवढेही थांबू नका. आधी येत असलेले शब्द किंवा टाटा करण्यासारख्या सवयी निघून गेल्या असतील, तो अजिबात बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा चालताना एका बाजूचा पाय ओढत असेल, तर फोन करून लवकरची वेळ मागा आणि कारण स्पष्ट सांगा. शब्द एकदा येऊन गेले, हे वाक्य ऐकले की माझ्या दवाखान्यात त्याच आठवड्यातली वेळ दिली जाते.

भेटीला जाण्यापूर्वीच्या पंधरा दिवसांत एक वही करा. सर्व भाषांतले शब्द आणि अर्धे शब्द तो जसे उच्चारतो तसेच लिहा, खुणेशिवाय समजलेल्या सूचना लिहा, आणि बोटाने काय मागितले व काय नुसते दाखवले हे वेगळे लिहा. सासूबाईंना आणि पाळणाघरातल्या मावशींनाही त्यात भर घालायला सांगा, कारण नऊ तास तो त्यांच्याजवळ असतो. दोन-तीन मिनिटांचे घरातले चित्रीकरणही ठेवा : एक जेवतानाचे, एक आजीबरोबर खेळतानाचे. दवाखान्यात बहुतेक मुले आईला बिलगून गप्प बसतात, आणि तुम्हाला ठाऊक असलेला मुलगा मला त्या चित्रीकरणातच दिसतो.